हरल्या हरल्या घेऊ नकोस

मंगळवार, पहाटे

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "पोचलो" एवढंच लिहिलं होतंस. एरवी मी विचारायच्या आधीच खोली कशी आहे, खिडकी कुठल्या बाजूला उघडते, शेजारी कोण, सगळं सांगून मोकळा होतोस. म्हणजे राग अजून गेलेला नाही. कसा जाईल? बॅग भरता भरता तू सहज विचारलंस, "आई, त्या गोल्फच्या गेममध्ये थोडे पैसे घालू का गं? तुला काय वाटतं?" आणि मी फटकन म्हणाले, "मामाच्या वळणावर चाललास." तुझ्या हातातला शर्ट घडी न होताच बॅगेत गेला, ते मी पाहिलं.

मी ते बोलायला नको होतं. फोनवर सांगायला गेले तर पुन्हा भलतंच तोंडून जाईल, म्हणून लिहायला बसले. शिवाय तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तर राहूनच गेलं. पैसे तुझ्या कष्टाचे, तरी तू मला विचारलंस. किती मुलं विचारतात? त्या वेळी सुचलं नाही, पण चार दिवस मला त्याचंच कौतुक वाटतंय.

एक मात्र ठरवलंय. तुझ्या रात्रीच्या जागरणाबद्दल या पत्रात अवाक्षर काढायचं नाही.

तुला वाटत असेल, आईला या गेमचाच राग आहे. अजिबात नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी तू तो माझ्या फोनवर टाकून दिलास. पाच तास आपण त्या बाकावर बसलो होतो. मी दर दोन मिनिटांनी उठून दाराशी जात होते, तर तू म्हणालास, "बस इथे. हाताला काम असू दे." माझं बोट धरून शिकवलंस. चेंडू मागे ओढायचा, तो बाण इकडून तिकडे हलतो, मधल्या रेघेवर आला की सोडायचा. वारा उजवीकडून असेल तर निशाण उजवीकडे सरकवायचं, म्हणजे वाराच चेंडू परत जागेवर आणतो. किती सरकवायचं ते वर्तुळं मोजून. मी तीस वर्षं वर्गात गणित शिकवलं, पण इतक्या थोड्या शब्दांत कुणाला काही समजावल्याचं मला आठवत नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा माझा चेंडू हवेत होता. तो कुठे पडला ते मी पाहिलंच नाही. तू उठून त्यांच्याशी बोललास. तुझा आवाज इतका शांत होता, की मी बाबांकडे जायच्या आधी एकदा तुझ्याकडेच बघून घेतलं.

तेव्हा खेळायला माझी ना नाही. खेळ.

पैशांचं सांगते. तुमच्या गेममध्ये दोन तऱ्हेची खरेदी असते, आणि तू त्या दोन्ही एकाच तराजूत घालतोस असं मला वाटतं. एक तो सीझनचा पास. त्यात काय काय मिळणार हे आधीच लिहिलेलं असतं, रोज खेळलास तर तेवढं नक्की हातात पडतं. हे मला तिकीट काढून सिनेमा बघण्यासारखं वाटतं. महिनाभर एखाद्या गोष्टीत तुझा जीव रमतो, ती करणारी माणसं पोटासाठी काम करतात, तर त्यांना चार पैसे द्यायला हरकत काय? दुसरी ती बंद पेटी. आत काय आहे ते उघडल्यावर कळणार. माझं भांडण आहे ते या पेटीशी.

पेटीवर एक छोटीशी खूण असते, ती दाबली की कुठल्या क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, पत्ता निघायची शक्यता किती टक्के ते दिसतं. ते काही कुणी उदार होऊन दाखवत नाही. ॲपलने 2017 च्या डिसेंबरमध्ये तसा नियमच केला, गूगलने 2019 मध्ये. बेल्जियमने तर 2018 मध्ये पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसवल्या. तू ती खूण कधी दाबली आहेस का? दाब एकदा. समज, तुला हवा असलेला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची ती काठी, एक टक्क्याने निघतो. आपल्या मनाला वाटतं, म्हणजे शंभर पेट्या उघडल्या की एकदा तरी निघणारच. तसं नसतं. एका पेटीत तो न निघण्याची शक्यता 0.99. ती शंभर वेळा स्वतःशी गुणली की 0.366 येते. म्हणजे शंभर जणांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर त्यांतले साधारण 37 जण हात हलवत परत येतात. दोनशे उघडल्या तरी 13 जण तसेच. आणि नव्याण्णव वेळा न निघाल्यामुळे शंभराव्या वेळी तो निघायची शक्यता काडीभरही वाढत नाही. ठरावीक पेट्यांनंतर हमखास देऊ असं काही गेममध्ये लिहिलेलं असतं, तुमच्या गेममध्ये तसं लिहिलेलं मला दिसलं नाही. ज्या पेटीवर तसं लिहिलेलं नाही, तिला मागचं काहीही आठवत नाही.

दादा हेच म्हणायचा रे. "इतका वेळ लागलं नाही, आता पान लागणारच."

बघ, मामाचं नाव काढायचं नाही म्हणत होते, आणि निघालंच. दादा वाईट नव्हता. मला सायकल त्याने शिकवली, मागून धरलंय असं सांगून केव्हाच सोडून दिलं होतं. त्याने पहिल्यांदा पैसे लावले तेव्हा आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही, कारण ते फार थोडे होते. पुढे आजी कपाटाची किल्ली कमरेला अडकवून झोपायला लागली, ते तुला माहीत आहे. तू तसा नाहीस. तू हिशेब लिहून ठेवतोस, बाबांच्या औषधांचा तक्ता तूच केलास, अजून भिंतीवर आहे. मला हे सगळं कळतं. तरीही पहाटे चारला बाबांना गोळी द्यायला उठते, फोन हातात घेते, आणि तुझ्या नावापुढे तो हिरवा ठिपका दिसतो.

लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

रागवायला म्हणून नाही सांगत. जाग्या माणसाचं डोकं त्या वेळी कसं चालतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगते. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. बाबांनाही ती माहीत नाही.

गेल्या महिन्यात त्यांना दोन रात्री ताप होता ना, त्यातल्या दुसऱ्या रात्रीची गोष्ट. ते झोपले होते, मी खुर्चीत. झोप उडाली होती म्हणून एक मॅच लावली. हरले. दुसरी हरले. तिसरी हातातली होती, चेंडू भोकापासून वीतभरावर, नुसता ढकलायचा. बाण एक केस पुढे गेला आणि चेंडू कडेला लागून फिरला. मी लावलेले सगळे कॉइन्स समोरच्याच्या ढिगात जाऊन पडले, त्याचा आवाजही करतात ते. आणि लगेच, मी श्वास घ्यायच्या आत, पेटीची ऑफर आली. सोनेरी पेटी, खाली उलटं चालणारं घड्याळ, आता नाही घेतली तर जाईल. फोनने अंगठा मागितला. मी ठेवला.

पत्ते एकेक करून उलटले. प्रत्येकावर चमक, प्रत्येकाआधी अर्धा क्षण अंधार. बहुतेक मला नको असलेल्या क्लबचेच निघाले. ड्रायव्हर वरच्या लेव्हलला न्यायला मला दहा पत्ते हवे होते, निघाले दोन. त्यावर मला वाटायला हवं होतं, की पैसे फुकट गेले. ते वाटलंच नाही, बाळू. मला वाटलं, दोन आले, आता आठच राहिले. आणि बोट पुन्हा त्या पेटीवर गेलं. तेवढ्यात बाबा कण्हले म्हणून मी उठले. नसते कण्हले तर काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही. मी साठीला आलेली, गणित शिकवलेली बाई.

दोन दिवसांनी तीच पेटी, तेच घड्याळ, पुन्हा हजर.

आता तूच सांग, हे पोटात ठेवून मी तुला मामाचा टोमणा मारला. टोमणा मारताना मी तुझ्यावर नाही, स्वतःवर चिडले होते. मला माफ कर.

त्यानंतर मी थोडं वाचलं. स्किनर नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने कबुतरांना चोच मारली की दाणा मिळेल अशी व्यवस्था केली. दर ठरावीक चोचींनंतर दाणा दिला, तर दाणा मिळाल्यावर कबुतर जरा थांबतं. पण कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, असं बेभरवशाचं दिलं की ते चोच मारतच राहतं. माझा अंगठा आठवला.

आणि खऱ्या गोल्फबद्दलही वाचलं, तुला गंमत वाटेल. मैदानावरचं भोक 108 मिलिमीटरचं असतं, म्हणजे मैदानाच्या मानाने आपल्या स्क्रीनवर दिसतं तेवढं मोठं मुळीच नाही. एका राऊंडला 14 पेक्षा जास्त क्लब न्यायचे नाहीत, मग तुम्ही कितीही श्रीमंत असा. आणि कच्च्या खेळाडूला पक्क्याबरोबर खेळता यावं म्हणून हँडिकॅप, म्हणजे फटक्यांची सूट, देतात, तो 54 पर्यंत जातो. मला हे फार आवडलं. तिथे कमी येणाऱ्याला खेळच हात देतो. इथे कमी येणाऱ्याला दुकान दाखवतात. ते खास चेंडू बघ ना, वारा कमी लागणारे. एकदा पैसे देऊन घेतले, की त्यांच्याशिवाय खेळणं जमेनासं होतं, आणि चार मॅचमध्ये ते संपतात. तू बाकावर मला वारा मोजायला शिकवलंस, ते संपत नाही. साधा चेंडू घेऊन तू त्या समुद्राकाठच्या होलवर एका फटक्यात चेंडू आत घातलास, बाबा पलंगावरून ओरडले होते, टाके दुखले तरी हसत होते. ते तू कुठल्या पेटीतून आणलं होतंस?

भाषण झालं हे. शिक्षिकेच्या पोटी जन्माला आलास, तुझा काय दोष? थोडक्यात लिहिते, हवं ते घे.

पास घ्यायचा असेल तर घे. महिन्याच्या सुरुवातीला, दिवसाउजेडी, जिंकलेला असताना किंवा खेळतच नसताना. तुझ्या त्या वहीत लिही. जेम्सचा, म्हणजे गेममधल्या त्या विकतच्या हिऱ्यांचा, पॅक घेताना जरा बघ, 600 ची वस्तू असेल तर पॅक 500 चा आणि 1200 चाच असतो, काही ना काही उरतंच आणि उरलेलं पुढच्या खरेदीला बोलावतं. फोनमधून कार्ड काढून टाक, नाहीतर निदान अंगठ्याऐवजी लांबलचक पासवर्ड ठेव. तो टाकेपर्यंत जो वेळ जातो ना, मला त्या रात्री तेवढाच हवा होता. आणि घेतलेलं काहीच तुझ्या मालकीचं होत नाही हे लक्षात असू दे, गेम बंद झाला की क्लबही गेले. सिनेमाही डोक्यातच उरतो म्हणा, त्यामुळे ही काही मोठी तक्रार नाही.

फक्त हरल्या हरल्या घेऊ नकोस. एकटा असताना, रात्री, हरल्या हरल्या. बाकी तू काय करशील त्याला माझी हरकत नाही. हे तीनही एकत्र आले की मला भीती वाटते, आणि तो ठिपका नेमका तेव्हाच दिसतो. झोप येत नाही का तिकडे? काम जड आहे का? की कुणी बोलायलाच नाही? गेमचं निमित्त करून मी चार दिवस हेच विचारते आहे, मला आत्ता लिहिताना कळलं. पैशांचं काय, ते तू सांभाळशील.

बाबा बरे आहेत. काल जिन्याच्या सहा पायऱ्या चढले आणि सातवीवर थांबून मला म्हणाले, "त्याला सांग." सांगितलं. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, त्यांना आपलं काय झालं तेच ठाऊक नाही. तू असताना जशी मॅच लावायचो तशी रविवारी दुपारी लावू, ते शेजारी बसतील. मी साध्याच चेंडूने खेळणार आहे, तूही साधाच घे. आणि पास घेतलास तर मला सांग, त्यातला तो निळा झेंडा मला बघायचाय.

चार वाजून दहा मिनिटं झालीत. बाबांना गोळी दिली. ठिपका आज नाही. झोपलास वाटतं. की मी बघते म्हणून बंद करून ठेवलास? तसं असेल तर नको करूस, बाळू. राहू दे चालू. मी विचारणार नाही.

तुझी,
आई

ता. क. चष्म्याची डबी सापडली, उशीच्या खोळीत होती. उद्या पाठवते. तोवर फोन डोळ्यांपासून लांब धर.