काटा खोटा, कलम कोणते?

महोदय,

मासळी बाजारात काट्यावरून वाजले की अजून ‘कलम २६४’ची धमकी ऐकू येते. जुन्या भारतीय दंड संहितेतली वजनमापांची कलमे, २६४ ते २६७, तिच्या जागी १ जुलै २०२४ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलीच नाहीत. आता आधार वैधमापन अधिनियम २००९चा, म्हणजे वजनमापांच्या कायद्याचा. फसवणुकीसाठी न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो. नुसता गंजलेला काटा पुरत नाही.

सुरमई पाटीत पडण्याआधी आकडा पाहा. रिकामी पाटी ठेवून शून्य केलेला काटा पाटी उचलताच उणे आकडा दाखवतो. नाही दाखवला तर पाटीचेही पैसे तुम्ही मोजताय. (ओली पाटी तर आणखी जड!) इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी लागते. काट्यावरचे पडताळणीचे सील तुटलेले दिसले, तर भांडत न बसता वैधमापन निरीक्षकाकडे तक्रार द्या.

– एक ग्राहक, रत्नागिरी