मंत्रिमहोदय, तोंड तपासताना हिरड्याही पाहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या संक्रांतीला, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती त्या आठवड्यात, माझ्या आईचा खालचा पुढचा दात कडक भाकरीचा तुकडा चावताना निखळला. तिने तो धुऊन कागदात गुंडाळून ठेवला आणि मी गेल्यावर दाखवला. दाताला मशेरीचे तपकिरी डाग होते, पण कीड नव्हती, भोक नव्हतं. दात धड होता. मुळाभोवती मात्र काळपट, खरखरीत कीटणाचा थर बसला होता. याआधी तिचे अकरा दात गेले. त्यातले किती असेच धड असताना गेले असतील, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आई विडी कामगार. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन तिने पानं कातरली, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला. आधी पाच्छा पेठेत, मग कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. मशेरी भाजल्याचा वास हा माझ्या लहानपणाचा वास आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत परतायची, घरभर ठसका उठायचा, मग ती चुरून पत्र्याच्या डबीत भरायची. पहाटे ओट्यावर बसून बोटाने हिरड्यांवर घासत राहायचं. शेजारच्या तेलुगू मावश्याही तेच करायच्या. दुपारी जेवल्यावर पुन्हा, रात्री झोपताना पुन्हा. याला आमच्याकडे कुणी व्यसन म्हणत नाही, 'दात घासते' म्हणतात. हिरडी ठणकली की आणखी एक बोट लावायचं, कारण मशेरी लावली की घटकाभर बरं वाटतं. दुखणं वाढवणारी वस्तूच औषध म्हणून वापरली जाते.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. म्हणजे तंबाखूने दात घासू नयेत, हे सरकारने तीस वर्षांपूर्वीच ठरवलं. पण सुटी तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजली की तेच मंजन तयार. त्याला पाकीट नाही, सडलेल्या तोंडाचं चित्र नाही, पाकिटावर असतो तो १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा नंबरही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांत साधारण २४ जण तोंडात धरायची किंवा लावायची तंबाखू वापरणारे निघाले, विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम चार. तरी आपल्या जाहिरातींत धूर सोडणारा पुरुषच जास्त दिसतो. डबी कमरेला खोचलेली बाई त्यात स्वतःला ओळखणार कशी?

हिरड्यांचा आजार गाजावाजा न करता येतो. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो नीट निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच घट्ट होतो. तेच कीटण, आणि ते ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, घासताना रक्त येतं. आमच्याकडे त्याला 'उष्णता झाली' म्हणतात, आणि रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावणंच बंद करतात, म्हणजे थर आणखी वाढतो. या टप्प्यावर दात साफ करून घेतले आणि रोज दोन वेळा मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत घासले, तर हिरडी पूर्ववत होते. इथे दुर्लक्ष झालं की आतलं हाड झिजायला लागतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. दात हलू लागेपर्यंत बहुतेकदा दुखतही नाही. तंबाखूमुळे हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात, जखम भरायला वेळ लागतो.

आणखी एक समज फार पक्का आहे: 'साफ केले की दात हलतात.' कीटण निघाल्यावर सूज उतरते, मोकळ्या फटी दिसतात, आधीच सैल झालेला दात जाणवतो, आणि दोष सफाईवर जातो. माझी आई याच भीतीने वीस वर्षं सफाईसाठी दंतवैद्याच्या खुर्चीवर बसली नाही. दुखलं की एका दवाखान्यात जायची. तिथे गोळ्या मिळायच्या, नाहीतर दात काढला जायचा. तिला साखरेचा आजार आहे, हे तिच्याच कागदावर लिहिलेलं असायचं. पण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत जंतुसंसर्ग राहिला की साखरही आटोक्यात येत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. मलाही ते फार उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं.

साहेब, मोठं रुग्णालय मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. आशाताई आमच्या दारात येतात, तिशीपुढच्या बायकांना विचारतात: तोंडात चट्टा आहे का, जखम भरत नाही असं आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का. कॅन्सरसाठी हे हवंच. पण तोंड उघडलेलंच आहे तर हिरड्यातून रक्त येतं का आणि दात हलतो का, एवढंही विचारलं जावं. आमच्या गल्लीत आजवर कुणी विचारलेलं नाही. साखरेची गोळी जिथून मिळते तिथेच वर्षातून एकदा हिरड्या पाहिल्या जाव्यात. गरोदर बाईच्या हिरड्या त्या काळात लवकर सुजतात आणि 'पोटुशीने दाताला हात लावायचा नाही' म्हणून ती घरी बसते. त्या दिवसांत दात साफ करून घेणं सुरक्षित आहे, हे तिला तपासणीच्या दिवशीच सांगितलं जावं.

आणि सफाई जवळ हवी. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. सिव्हिलला जायचं तर त्या दिवशीच्या विड्या बुडतात. हलणारा दात काढायला बाई जाईल, न दुखणारी हिरडी दाखवायला जाणार नाही. म्हणून महिन्यातून ठरलेल्या दिवशी दंतवैद्य आणि सफाईचं यंत्र घरकुलातच यावं, सोबत मशेरी सोडवायला समजावणारं माणूस यावं. ते मराठीइतकंच तेलुगू बोलणारं असावं. चाळीस वर्षांची सवय 'सोडा' म्हटल्याने सुटत नाही. आईने दोनदा सोडली. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी डोकं धरून बसली आणि पाचव्या दिवशी तवा चुलीवर चढला. त्या चौथ्या दिवशी तिच्यापाशी कुणी असायला हवं होतं.

आता तिच्या तोंडात उरलेल्या दातांची सफाई आम्ही करून घेतली. खाजगीत, दोन हप्त्यांत पैसे भरून. रक्त थांबलंय. भाकरी मात्र ती दुधात कुस्करूनच खाते.

पुढच्या फेरीला आशाताई फॉर्म घेऊन आमच्या गल्लीत येतील, तेव्हा त्यात हिरड्यांसाठी एक ओळ असू द्या. बाकीचं मागोमाग होऊ द्या.

आपली नम्र,
विडी कामगाराची मुलगी, एक शिक्षिका
सोलापूर