आधी तपासून मग रॅम देणाऱ्या दुकानदारांस आभारपत्र

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या जुन्या डेस्कटॉपसाठी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, मागितल्यावर लगेच तिची पट्टी (स्टिक) काढून न देता, "आधी संगणक घेऊन या," असे आपण सांगितलेत. ठाणे स्टेशनजवळच्या गर्दीत गिऱ्हाईक परत पाठवणे सोपे नसते, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

नौपाड्यात मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करतो. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या प्रोग्रॅममधल्या अनेक वर्षांच्या फायली आणि त्यांचे जुने मराठी फॉन्ट याच संगणकावर असल्यामुळे तो मोडीत काढणे मला शक्य नव्हते. अंकाची पाने आणि फोटोशॉपमधली मोठी छायाचित्रे एकत्र उघडली की 4 जीबी मेमरी संपे, उरलेला भार विंडोज हार्ड डिस्कवर टाके आणि काम अडे. मेमरीचा वापर दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून हे आपण मला प्रत्यक्ष दाखवलेत. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या लक्षात आली, ती म्हणजे विंडोज 32 बिट होते. ते 4 जीबीपलीकडची मेमरी वापरतच नाही, आणि त्या चारांतलाही काही भाग ग्राफिक्ससारख्या उपकरणांसाठी राखून ठेवावा लागतो. म्हणजे नुसती रॅम वाढवून माझे पैसे वाया गेले असते. प्रोसेसर 64 बिट असल्याने, जास्त मेमरी वापरू शकणारे 64 बिट विंडोज टाकण्याचा मार्ग होता. तरीही पेजमेकर, फॉन्ट आणि माझा जुना लेझर प्रिंटर नव्या विंडोजवर चालतात याची खात्री आपण आधी एका वेगळ्या डिस्कवर करून घेतलीत. एवढी काळजी मी मागितलीही नव्हती.

निवडीतही आपण घाई केली नाहीत. मदरबोर्डावर डीडीआर3 या प्रकारच्या रॅमचे दोनच स्लॉट, त्यांत 2 जीबीच्या दोन स्टिक, आणि प्रोसेसर 2011 सालच्या इंटेलच्या दुसऱ्या पिढीतला आय3. तो 1333 च्या वेगापर्यंतच मेमरी चालवतो, त्यामुळे 1600 ची स्टिक बसवली तरी चालेल, पण वेग 1333 चाच मिळेल, हे आपण समजावलेत. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर3 स्टिक फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरांच्या बोर्डांसाठी असतात, त्यांतल्या चिप्सची रचना वेगळी असल्याने त्या इंटेलवर चालत नाहीत, हा इशारा तर माझ्यासारख्या अनेकांना उपयोगी पडेल. 8 जीबीची एकच स्टिक न घेता 4-4 जीबीची जोडी घेतल्याने प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणारे दोन्ही मार्ग (चॅनेल) मिळून 64 ऐवजी 128 बिटांची वाट खुली झाली. बोर्ड 16 जीबी घेत असतानाही, "तुमच्या कामाला आठ पुरेत," असे आपणच म्हणालात. जास्त विकण्याची संधी समोर असताना असे सांगणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

जोडी बसवून आपण रात्रभर मेमटेस्ट ही मेमरीतले दोष शोधणारी चाचणी लावलीत आणि सकाळी एकही चूक नसलेला निकाल दाखवूनच संगणक माझ्या हवाली केलात. आता पाने आणि छायाचित्रे एकत्र उघडी ठेवून काम करता येते. संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ हार्ड डिस्कमुळे आहे, तो रॅमने कमी होणार नाही, हेही आपण आधीच स्पष्ट केले होते. अंक छपाईला गेला की हार्ड डिस्कहून वेगवान अशा एसएसडीसाठी आपल्याकडेच येईन.

आपला ऋणी,
नौपाड्यातील एक अक्षरजुळणीकार