बाबा, त्या तीन वर्षांच्या लीजवर इतक्यात सही करू नका

प्रिय आई आणि बाबा,

काल फोन ठेवला पण झोप काही लागली नाही, म्हणून आता सगळं लिहूनच काढते, फोनवर बोलायला लागलं की बाबा "बरं बघू" म्हणतात आणि विषय तिथंच राहतो. गाडी बदलायची हे ठरलंय, 14 वर्षं झाली तिला, त्यात माझं काही म्हणणं नाही. नवी घ्यायची, सेकंड हॅंड घ्यायची की लीजवर, म्हणजे ठरलेली वर्षं हप्ता भरून वापरायची आणि मग परत द्यायची, एवढंच उरलंय. पण बाबा, काल तुम्ही बोलता बोलता म्हणालात ना, "मी 72चा झालो, अजून किती वर्षं चालवणार, तीन वर्षांचं लीज घेऊ, पुढचं पुढे", ते माझ्या मनातून जातच नाहीये. तुम्ही अगदी सहज बोलून गेलात, मला मात्र ते सहज ऐकता आलं नाही.

तर आधी लीजचंच बोलू. समजा नवी गाडी 100ला पडली. ढोबळ हिशोब धरला तर पहिल्या वर्षात ती 80वर येते, तीन वर्षांनी 60च्या आसपास, मॉडेलप्रमाणे थोडं इकडे तिकडे. लीजवाला दर महिन्याला तुमच्याकडून जे घेतो ते मुख्यतः हेच असतं, 100 आणि 60 मधला हा 40चा फरक, वर त्याचं व्याज आणि फी. तीन वर्षांनी गाडी परत, हातात काही नाही. म्हणून हप्ता कमी दिसतो, कारण तुम्ही पूर्ण गाडीचे पैसे भरतच नसता, पण भरता ते तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात महागड्या तीन वर्षांचे. आणि मग दुसरी लीज घेतली की परत तीच पहिली तीन वर्षं. आता तीच 60ला आलेली गाडी आपण विकत घेतली तर पुढच्या तीन वर्षांत ती फार तर 40-42वर येईल, म्हणजे आपलं नुकसान 40च्या जागी 18-20. मधे थोडा जास्त मेंटेनन्स धरला तरी हा फरक भरून निघत नाही, मी तीन वेळा मांडून बघितलं.

त्यात किलोमीटरचा भाग वेगळाच. लीजमध्ये वर्षाला किती किलोमीटर चालवायची ते आधीच ठरलेलं असतं, साधारण 15,000-20,000 किलोमीटरच्या आसपास, त्याच्या वर गेलात की प्रत्येक किलोमीटरला दंड. तुमची गाडी वर्षाला 5,000 सुद्धा होत नाही, बाबा तुमच्याच वहीत लिहिलंय ते. मग न चालवलेल्या किलोमीटरचे पैसे परत मिळतात का तर सहसा नाही. शिवाय परत करताना बंपरवरचा ओरखडा, सीटवरचा डाग, रिमवरची घासल्याची खूण सगळं मोजून बिल लावतात, आणि आपल्या गेटचा तो डावीकडचा खांब तुम्हाला माहितीच आहे.

पण लीजला मी नाही म्हणतेय त्याचं खरं कारण तुमचं ते कालचं वाक्य आहे. देव करो आणि तसं न होवो, पण समजा दीड वर्षांनी तुम्हाला वाटलं की आता गाडी चालवायला नको, डोळ्यांमुळे म्हणा किंवा कशामुळेही. स्वतःची गाडी असेल तर आठवड्याभरात विकून मोकळे व्हाल. लीज मधेच मोडायची म्हणजे उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग किंवा जबरदस्त दंड भरा आणि मग सुटका. म्हणजे ज्या भीतीपोटी तुम्ही लीज घ्यायला निघालात तीच भीती खरी झाली तर लीजच तुम्हाला सगळ्यात जास्त अडकवून ठेवणार. हे एवढं तरी सही करायच्या आधी नीट वाचा, मधे मोडल्यास काय ते कलम त्या कागदात कुठेतरी शेवटी असतं. ज्यांना दर तीन वर्षांनी नवीच गाडी हवी असते, धावणं ठरलेलं असतं आणि कामाच्या खर्चात दाखवायची सोय असते त्यांना लीज बरी पडते, तुमचं यातलं काहीच नाही.

आता बाबा तुमचा नेहमीचा प्रश्न, "चांगली गाडी असेल तर माणूस विकेल कशाला?" हा प्रश्न एकदम बरोबर आहे बरं का. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली याच्यावरच पेपर लिहिला होता, उदाहरणही जुन्या गाड्यांचंच. गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा घाबरून भाव पाडतो आणि मग चांगल्या गाडीवाला बाजारात यायचंच सोडून देतो. 2001 साली त्यांना अजून दोघांबरोबर नोबेल मिळालं. म्हणजे तुमची शंका काही जुन्या वळणाची नाही, ती आहेच. पण त्यावरचा उपायही त्यातच आहे, जे विकणाऱ्याला माहितीय ते आपण आधी शोधून काढायचं.

आणि मी ते एकदा न शोधल्याची किंमत मोजलीय, तुम्हाला पूर्ण कधी सांगितलं नव्हतं. माझी पहिली गाडी मी एका संध्याकाळी बघितली आणि त्याच संध्याकाळी टोकन दिलं. आतून चकाचक, शाम्पू केलेली, अत्तरासारखा वास. तीन महिन्यांनी मागच्या सीटवर एक खोकं बांधायला म्हणून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, टोकापर्यंत, एरवी कोण ओढतं तेवढा, तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची तपकिरी रेघ. मग कार्पेटचा कोपरा उचलला तर खाली सीटचे बोल्ट गंजलेले. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी होती ती. त्यानंतर वर्षभर कधी काच खाली जाईना, कधी डॅशबोर्डवर दिवे लागायचे, वायरिंगमध्ये पाणी गेलं की ते असं थोडं थोडं करून खातं. तेव्हा मी तुम्हाला फोनवर "मस्त चाललीय" सांगत होते. म्हणून आता कुठलीही गाडी बघायला गेले की आधी सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढते.

तसंच बाकीचं. बोनेटवर हात ठेवून बघायचं, इंजिन थंड पाहिजे, आपण यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर चालू होतानाचा धूर नि आवाज लपवायचा असतो. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, 2321 म्हणजे 2021च्या 23व्या आठवड्यात बनलेला, चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असले तर विचारायचं का. गाडी 30,000च चाललीय म्हणतात आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो, तो गाडीवरचा आणि कागदावरचा एकेक अक्षर लावून बघायचा, त्याच नंबरवरून कंपनीनं त्या गाडीला काही रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी परत बोलावणं, काढलाय का तेही कळतं. सर्व्हिसची बिलं सलग हवीत. आणि शेवटी आपला मेकॅनिक, विकणाऱ्यानं सुचवलेला नाही, गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायला. विकणारा याला नाही म्हणाला तर आपण तिथून निघायचं, कितीही स्वस्त असो.

नवी गाडी मी उडवून लावत नाहीये. आई तुला नवी हवीय हे मला कळतं, आणि वॉरंटीची निश्चिंती खरी असते, नव्यावर लोनचं व्याजही बहुतेक कमी लागतं. माझं सरळ गणित असं आहे की तीन वर्षं जुनी गाडी नव्याच्या 80 टक्क्यांपेक्षा महाग मिळत असेल तर नवीच घ्यावी, कधीकधी बाजारात तसं होतं. पण मग शोरूममध्ये "हप्ता किती" एवढंच विचारू नका, शेवटपर्यंत एकूण किती जाणार ते विचारा. फ्लॅट 7 टक्के ऐकायला छान वाटतं, पाच वर्षांसाठी तेच घटत्या बाकीवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतं, कारण फेडलेल्या पैशावरही व्याज चालूच राहतं. जुन्या गाडीचा एक्स्चेंज भाव नव्याच्या भावात मिसळू देऊ नका, दोन्ही वेगळे लिहून मागा. आणि बाबा डिझेल नको आता, छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये त्याचा काजळी अडकवणारा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि चोक होतो.

पैशाचं झालं, आता जे मला त्याहून जास्त वाटतं ते. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा आईला गाडीतून उतरताना बघितलं. आधी एक पाय बाहेर, मग दाराच्या वरच्या कडेला हात, मग जरा थांबली, श्वास घेतला, आणि मग गुडघ्यावर हात दाबून उठली. बाबा तुम्ही तोपर्यंत पिशव्या घेऊन पुढे गेला होतात त्यामुळे तुम्हाला ते दिसत नाही. सीट फार खाली आहे त्या गाडीची. बसताना सीट साधारण कमरेच्या उंचीला हवी, म्हणजे खाली पडल्यासारखं बसायला नको आणि वर चढायलाही नको, दार चांगलं रुंद उघडायला हवं. हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं, आईनं स्वतः पाच वेळा बसून उतरून बघितलं तरच कळेल. मागची डिकी किती उंच आहे तेही बघू, जड सामान डिकीच्या उंच कडेवरून उचलून आत ठेवायला लागू नये.

ऑटोमॅटिक घ्यायची, हे मात्र मी भांडून घेणार. आई, तू चालवायची सोडलीस ती भीतीनं नाही, त्या कडक क्लचनं, डावा गुडघा रात्री दुखायचा म्हणून, मला आठवतंय सगळं. लायसन्स अजून आहे तुझ्याकडे. ऑटोमॅटिक असेल तर डावा पाय निवांत. बाबांना कधी डोळ्यांत औषध घालून यायचं असेल तर परत येताना तू आणू शकशील ना गाडी? मला इथे बसून हा एक विचार फार धीर देतो.

आणि सहा एअरबॅग, मागचा कॅमेरा, ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. बाबा, ईएससीला तुम्ही "नको ती इलेक्ट्रॉनिक्स" म्हणालात, पण गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ ठेवते ती हीच, अमेरिकेत 2012च्या मॉडेलपासून आणि युरोपात 2014च्या शेवटापासून प्रत्येक नव्या कारमध्ये सक्तीची केली ती उगाच नाही. आपल्या जुन्या गाडीत नाहीये ती. जितके पैसे वाचतील त्यातून याच गोष्टी असलेलं वरचं मॉडेल घेऊ, तीन वर्षं जुनं घेण्याचा मोठा फायदा हाच की नव्या साध्या मॉडेलच्या पैशात हे सगळं मिळतं.

मी शनिवारी येतेय. तीन गाड्या बघून ठेवल्यात, एक तर लीजवरूनच परत आलेली आहे, सगळी सर्व्हिस वेळेवर झालेली, किलोमीटर बेताचे. बाबा, तोपर्यंत लीजवाल्याला "मुलीशी बोलून सांगतो" म्हणा, माझ्यावर ढकला खुशाल. सीटबेल्ट मी ओढते, बोनेट तुम्ही बघा, तुमचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. आणि आई, तू नेहमीच्याच चपला घालून ये, चालवायलाही तूच बसणारेस.

तुमचीच लेक