सर, 'कुठवर वाचलंसा' म्हणालात त्याबद्दल

सर,

हे तोंडावर सांगायला गेले की तुम्ही विषय बदलता. परवा पण 'ते पेन्शनच्या फॉर्मचं बघा आधी' म्हणालात. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. सर आमच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून दिसत नाही, आणि आम्ही दोघं रोज जयसिंगपूर-कोल्हापूर एसटीने अप-डाऊन करतो. आठ वर्षं एकाच गाडीला आहोत आणि त्यातली सहा वर्षं मी त्यांच्याशी 'आज गर्दी आहे' यापलीकडे बोलले नव्हते, हे लिहिताना आत्ता लाज वाटतेय.

मी वाचणारी होते हो. नववीच्या मे महिन्यात नगरवाचनालयातून आणलेलं 'मृत्युंजय' चार दिवसांत संपवलं होतं, आई जेवायला हाका मारून मारून दमली होती. आणि आता वय 43, चाळिशी दोन्ही अर्थांनी लागलेली, उशाशी सात पुस्तकं आणि सातही पंचवीस-तीस पानांच्या पुढे गेलेली नाहीत. खुणेला काय काय घातलेलं, लाईट बिल, लग्नपत्रिकेचा तुकडा, गोळ्यांचं रिकामं पाकीट, एकात तर गॅसची पावती निघाली 2019 ची. म्हणजे ते पुस्तक मी कोरोनाच्या आधीपासून 'वाचत' होते. रात्री दोन पानं झाली की पुस्तक नाकावर पडतं आणि एसटीत उघडावं तर हातकणंगले यायच्या आत मळमळायला लागतं.

यावर मला सल्ले कमी मिळाले नाहीत. एका वाचनकट्ट्यावर होते मी, तिथे हे एकदा प्रामाणिकपणे लिहिलं तर एकजण म्हणाले पहाटे पाचला उठा. अहो पाचला मी उठतेच, तीन डबे काय आपोआप भरतात? दुसऱ्या ताई म्हणाल्या फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आमच्याकडे दुसरी खोली म्हणजे सासूबाईंची, त्यांना फोन दिसला की रात्री साडेदहाला मुंबईच्या नणंदेला व्हिडिओ कॉल. तिसऱ्यांनी सरळ सांगितलं की इच्छा असेल तर वेळ निघतो. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं त्याच्या घरी नक्की कोणीतरी दुसरं भांडी घासत असणार.

मग मी ऑडिओबुकं लावायला लागले. पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल ॲप 2017 पासून मराठीत होतं, माझ्यापर्यंत पोचायला उशीर झाला एवढंच. पहिली कादंबरी पोळ्या लाटताना आणि एसटीत मिळून सोळा दिवसांत संपली, संपली म्हणजे खरोखर शेवटपर्यंत संपली, पाच वर्षांत पहिल्यांदा. इतका आनंद झाला की वर्षाच्या शेवटी कट्ट्यावर सगळे यादी टाकतात तिथे मी पण टाकली, पाच पुस्तकं, कंसात 'ऐकली' असं लिहून. खोटं कशाला. तर खाली उत्तर आलं, 'ऐकलेलं धरायचं नाही ताई, ते रेडिओ ऐकल्यासारखं झालं.' आणि पुढे हसणारे तीन चेहरे, त्याला बाराजणांचे अंगठे. मी टाईप केलं होतं की ज्ञानेश्वरी माउलींनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, समोर बसलेल्यांनी ती ऐकलीच होती, त्यांचं पण धरायचं नाही का? पण पाठवलं नाही, पुसून टाकलं. यादी पण काढून टाकली. वाटलं बरोबरच असेल त्यांचं, मी आपली पळवाट काढतेय.

त्यानंतर महिनाभर ऐकायचं पण बंद केलं. परत चालू केलं ते चोरून, म्हणजे कोणी विचारलं तर गाणी ऐकतेय म्हणायचं.

आणि तेव्हाच एकदा गर्दीत तुमच्या शेजारी जागा मिळाली. माझ्या इयरफोनची पिन अर्धवट निघाली होती आणि मोबाईल सगळ्या गाडीला कादंबरी ऐकवत होता. मी गडबडीने बंद केला. तुम्ही म्हणालात, 'राहू द्या की, चांगलं वाचतोय गडी.' मग शिरोलीपर्यंत तुम्ही तुमच्या कॅसेटांच्या गोष्टी सांगितल्यात. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणाऱ्या घरच्या बायका, नव्वद मिनिटांची कॅसेट, पंचेचाळीस मिनिटं झाली की त्यातल्या बाई मध्येच 'आता बाजू बदला' म्हणायच्या. 'मृत्युंजय' तुम्ही असंच पुरं केलंत, आणि कुंती बाळाला पेटीत घालून नदीत सोडते तिथे मागे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, अजून तो प्रसंग आठवला की तुम्हाला आधी वरणभाताचा वास येतो. मी इतकी हसले की कंडक्टरने वळून बघितलं. तेव्हाच तुम्ही म्हणालात की त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण सगळे 'मी' म्हणून आपापलं सांगतात, 1967 सालचं पुस्तक पण जणू ऐकायलाच लिहिलंय. मी तेच पुस्तक डोळ्यांनी वाचलं होतं, मला हे कधी सुचलं नाही.

पण मला आभार त्याचे मानायचे नाहीत. स्लीप टायमर लावायला शिकवलंत, पंधरा सेकंद मागे कसं जायचं ते दाखवलंत, त्याचेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत चढले, माझ्या चपलेच्या आवाजावरून तुम्ही ओळखलंत आणि विचारलंत, 'मॅडम, कुठवर वाचलंसा?'

वाचलंसा. ऐकलंसा नाही.

मी म्हणाले, 'सर, वाचत नाहीये, ऐकतेय.' तुम्ही म्हणालात, 'तेच की ओ,' आणि लगेच कंडक्टरकडून सुट्टे दहा रुपये परत मागायला लागलात. बास. भाषण नाही, समजूत घालणं नाही, ऐकण्याचं महत्त्व वगैरे काही नाही. तुमच्या लेखी त्यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही पन्नास वर्षं कानाने आणि बोटांनी वाचताय, आणि त्याला तुमच्या तोंडी दुसरा शब्दच नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसले, पंचगंगेचा पूल कधी गेला कळलं नाही. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला एवढ्याशा शब्दासाठी रडलीस? हो रडले.

नंतर मी त्या बाराजणांचा विचार केला. वाईट नाहीत हो ती माणसं, वाढदिवसाला केक पाठवतात. फक्त 'हे धरायचं नाही' लिहिताना तुमच्यासारखं कोणी त्या यादीत असू शकेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. अंधांसाठी पुस्तकांच्या प्रती करणं सोपं व्हावं म्हणून माराकेश करार झाला, तो 2014 ला भारताने जगात सगळ्यात आधी मंजूर केला, हेही तुमच्याकडूनच कळलं मला. देशाने मंजूर केलं, आमच्या कट्ट्याचं काय ते बघायचं.

मी यादी परत टाकली सर, यावेळी कंसात काही न लिहिता. नऊ पुस्तकं. कोणी काही बोललं नाही. दोघींनी वेगळा मेसेज करून विचारलं की कशावर ऐकतेस, कोणाला सांगू नको.

तुम्ही मे महिन्यात रिटायर होताय. खिडकीची जागा मला देणार म्हणालात, मला नको आहे ती.

हे पत्र तुमच्या मोबाईलमधला टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं ते सॉफ्टवेअर, तुम्हाला वाचून दाखवेल, ते इमोजीची नावं पण मोठ्यांदा वाचतं म्हणून हात जोडलेले आणि रडके सगळे चेहरे मी काढून टाकलेत. कादंबरी कधी पळवायची नाही म्हणता, पण मेसेज मात्र लाह्या फुटल्यासारख्या स्पीडने लावता, शेजारी बसून मला एक अक्षर कळत नाही. तेवढं हे पत्र जरा सावकाश वाचा.

तुमची,
सकाळच्या 7.40 मधली