आई-बाबा, गाडी दारव्ह्याला आहे, रागावू नका

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी दोनदा "हाव हाव" करून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहून पाठवतेय.

बाबा, स्प्लेंडर अजून चार दिवस दारव्ह्यालाच राहील. मिस्त्रींना इंजिनचं हेड खोलायला सांगून टाकलंय, पैसे पण पाठवलेत, तुम्हाला न विचारता. तुम्ही म्हणाल २५ वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च काहून. पण शकुंतला रेल्वे कधीची बंद, एसटी दोनदा येते म्हणतात त्यातली एक येतच नाही, मग आईचं बीपीचं औषध, बँक, खताची थैली सगळं ह्या गाडीच्याच भरवशावर ना. आणि मागच्या सोमवारी कॅनॉलपाशी बंद पडली, किका मारमारून तुमचा दम निघाला अन् घरी येऊन सांगितलं पेट्रोल संपलं होतं. आईनेच सांगितलं मला, तिच्यावर चिडू नका.

खरं तर चूक माझीच आहे. लहानपणी ओसरीत अभ्यास करताना अंधारातून टिकटिक टिकटिक यायची, की दादाच्या आधी मी ओरडायची, बाबा आले! ती टिकटिक म्हणजे टॅपेट, इंजिनातल्या झडपा दाबणारे स्क्रू, ढिले. आणि दिवाळीत मीच म्हटलं ना, जावयासमोर, बाबा किती वाजते ही गाडी, दाखवा कोणाला तरी. तुम्ही लगेच दाखवली. त्या गॅरेजच्या पोराने गरम इंजिनवरच, फट मोजायचं गेज न लावता, आवाज जाईपर्यंत टॅपेट आवळले. गाडी गप्प झाली, आपण सगळे खुश.

टॅपेट आणि व्हॉल, म्हणजे ती झडप, यांच्या मधे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी फट लागते. इंजिन तापलं की व्हॉल लांबतो, फटच नसेल तर तो नीट बसत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गळतं, किक हलकी लागते, सकाळी चालू व्हायला रडते. धुराकडचा व्हॉल तर सीटला, म्हणजे त्याच्या बसायच्या कड्याला, टेकूनच थंड होतो, टेकला नाही की जळतो. तेच झालंय. ढिला टॅपेट बोंबलतो तरी, आवळलेला काहीच बोलत नाही, तुमच्यासारखा.

आता नीट ऐका. स्प्लेंडरच्या पुस्तकात दर ३००० किलोमीटरला टॅपेट बघायला सांगितलंय. तुमचं आठवड्याला साधारण ७० होतं, म्हणजे दहा महिने. पण जुनी गाडी आहे म्हणून पोळ्याला एकदा आणि होळीला एकदा दाखवायची. दर वेळी फिरवायचेच असं नाही, गेजने बघायचं, बरोबर असेल तर हात नाही लावायचा. आणि ह्या वेळी व्हॉल घासणार आहेत म्हणून ५०० किलोमीटरनंतर परत, ते विसरू नका. गाडी थंडच पाहिजे. तुम्ही बारा किलोमीटर चालवत जाता अन् लगेच झाकण उघडायला लावता, तसं नाही, आदल्या संध्याकाळी ठेवून यायची.

तोवर आईच्या गोळ्या महिन्याभराच्या काका आणून देतील, बोललेय मी. दुधाचंही सांगितलंय. आई, तू पायी बाजाराला जाऊ नको, सांबार-मिरची नसली तर एक दिवस वरणभात खा दोघं. बाबा, दम लागतो ते पेट्रोलवर ढकलू नका, शनिवारी काकांसोबत जाऊन बीपी मोजून या, आकडा मला पाठवा, "नॉर्मल आहे" असं लिहून नाही चालणार.

गाडी आली की पहिल्याच सकाळी, इंजिन थंड असतानाच चालू करा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. फोन आईला धरायला लावा, तुमचा हात हलतो. थोडी टिकटिक आली तर येऊ द्या.

तुमची,
छोटी