मामा, त्या दिवशी गेज लावलं नव्हतं

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी विठ्ठलाचा फोटो टाकता आणि दिवसभर फोन खुंटीला, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी तुमच्या नातवाला पाठवील आणि तो ओट्यावर बसून वाचून दाखवील. तुमच्या निरोपाच्या दिवशी मी माइक हातात घेतला, तर तुम्ही खालून म्हणालात, ‘बस कर बाय, जेवण थंड व्हायलंय.’ तेव्हा राहिलेलं इथं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. १९८५ साली बजाजचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आला आणि त्याच्यामागोमाग गाड्यांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. गंगापूर, पैठण, वैजापूरकडची शेतकऱ्यांची पोरं तिथं कामाला लागली. मामा त्यांतले. त्यांतल्याच एका कंपनीत, जिचं नाव मी लिहीत नाही, आमची लाइन: सहा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, तीन पाळ्या. निळा शर्ट म्हणजे पर्मनंट, राखाडी म्हणजे ठेकेदाराचा माणूस. पाळी सुटली की निळे बसकडं आणि राखाडी जवळच्या रांजणगावच्या खोल्यांकडं. कँटीनला भाजी एकाच पातेल्यातली, टेबलं मात्र वेगळी. तसा काही नियम नव्हता, हं. सवय होती.

मी गेवराई तालुक्यातली. आई-वडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांची टोळी, वर मुकादम. सगळे शेजारी शेजारी कोप्या घालून राहतात, पहाटे एकत्र फडात जातात, एकत्र मोळ्या वाहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय एकोपा आहे! पण टोळीला बांधून ठेवते ती उचल. आधी घेतलेले पैसे फेडायचे असतात. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून अंगात ताप असला तरी सांगायचं नाही. मी तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेऊन शॉपवर आले, तेव्हा हे शिक्षणही सोबत घेऊन आले होते.

आता तो दिवस. दुपारचे ३ वाजून १० मिनिटं. चार नंबर मशीनवर बोअर, म्हणजे नगातलं भोक, बारीक यायला लागला होता, कापणारी टिप झिजली की येतो तसा. वीस मायक्रॉनचा ऑफसेट, म्हणजे मशीनला मापातली दुरुस्ती, द्यायचा होता. ३:३० ला पाळी सुटणार, ३:४० ला बस. मी आकडा टाकला आणि बटण दोनदा दाबलं गेलं. वीसचे चाळीस झाले. पुढचा नग निघाला, हवा मारली, हातात घेतला, छान चकचकीत. तुम्ही शेजारच्या मशीनवर टूल बदलत होतात, कोपरापर्यंत हात तेलानं माखलेले. ‘बघितला का?’ तुम्ही विचारलंत. ‘बघितला, मामा.’ आणि बघितला होताच की, डोळ्यांनी! तुम्ही चिंधीला हात पुसून पहिल्या नगाच्या तक्त्यावर सही केलीत.

रात्री बारापर्यंत त्या मशीनवरून ३८० नग पडले.

प्लग गेज म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी. तिला दोन टोकं असतात. ‘गो’ आत गेलं पाहिजे, ‘नो-गो’ दारातच अडलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर ते नो-गो नगामागून नगात जात होतं. सैल झालेली बांगडी हातातून निसटावी तसं, आवाजसुद्धा नाही. बोअर बारीक राहिला तर नग परत मशीनवर घेता येतो. मोठा झाला की भंगार.

जेवणाच्या सुट्टीआधी निकाल लागलासुद्धा: दुसऱ्या पाळीतल्या बिहारच्या पोरानं घोळ घातला. राखाडी शर्ट, आठ महिने झालेले, मराठी तोडकंमोडकं. ठेकेदाराला फोन गेला, उद्यापासून पाठवू नका. मी तिथंच उभी होते. त्याआधी मशीनवर जाऊन ऑफसेटचं पान उघडून चाळीसचा आकडा मी स्वतः बघून आले होते. आणि गप्प बसले. एक अख्खा दिवस आणि एक रात्र.

सकाळी सातच्या मीटिंगला तुम्ही हात वर केलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत: ‘त्या नगावर सही माझी हाय. गेज मी लावलं नाय. पोरीवर विश्वास हाय म्हणून नाय लावलं, असं सांगायला बरं वाटतंय. पण मला हात धुवायचा कंटाळा आला होता, एवढंच.’ निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, फायलीत तोवर एकही मेमो नाही. साहेबसुद्धा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. तुम्ही माझ्याकडं वळूनही बघितलं नाहीत. बघितलं असतं तर मला वाटलं असतं, हे मला बोलायला लावतायत, आणि मी हट्टानं गप्प राहिले असते. मग माझ्याच तोंडून निघालं, ‘ऑफसेट माझा होता.’

तुम्हाला मेमो मिळाला, माझं ट्रेनीपण तीन महिन्यांनी लांबलं. हे झालं कागदाचं. मला जास्त लक्षात आहे ती त्या संध्याकाळची रांजणगावची खोली. पाच जणांच्या पाच पिशव्या भिंतीला टांगलेल्या, मधे स्टोव्ह. तुम्ही मला स्कूटरवर मागं बसवून नेलं होतंत. पोरगा म्हणाला, ‘देखे थे, चाचा. आठ बजे ही देखे थे, नो-गो जा रहा था. पर बोलते किसको?’ ऑफसेटला हात लावायचा त्याला अधिकार नव्हता, आणि मागं एकदा त्यानं मशीन थांबवली होती तेव्हा प्रॉडक्शन गेलं म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या. तुम्ही बराच वेळ खाली बघत बसलात. मग म्हणालात, ‘मला.’ थोड्या वेळानं, ‘घरी असलो तरी मला.’ आणि त्याच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घातलात. चष्मा नव्हता, तर मी आकडे सांगितले.

त्याला परत घ्यायला अकरा दिवस लागले. रोज साहेबांच्या केबिनबाहेर तुम्ही उभे राहायचात, चहाचा कप घेऊन, जणू सहज आलात.

मामा, आभार मानायचे ते मुख्यतः त्यापुढच्या गोष्टीचे. तोवर पाळी बदलताना आपण लॉगबुकात ‘मशीन ओके’ लिहून पळायचो. तुम्ही पळायचं बंद केलंत. पुढचा माणूस येईपर्यंत मशीनजवळ उभे. तो आला की त्याच्या हातात शेवटचा नग आणि गेज द्यायचं, त्यानं तुमच्यासमोर लावून बघायचं, मग निघायचं. पहिल्या आठवड्यात तुमची बस तीनदा चुकली. मी म्हणाले, ‘मामा, कामून एवढं?’ तर तुम्ही गावच्या सप्ताहाचं सांगितलंत. सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते. पहारा संपला तरी दुसरा येऊन गळ्यात घेईपर्यंत विणेकरी उभाच. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग तो सरपंच असो नाहीतर सालगडी. ‘तिथं कुणी म्हणतंय का, माझा टाइम झाला, ठेवतो कोपऱ्यात?’

एकदा त्या पोराला तुमच्यासमोर गेज लावताना संकोच वाटला. थोरल्या माणसाचा नग कसा तपासायचा? ‘लाव, लाव,’ तुम्ही म्हणालात, ‘गेज लावलं म्हणून माझा अपमान होत नाय. नाय लावलंस तर होतोय.’ मी तेव्हापासून कुणाच्या शब्दावर सही केलेली नाही, आणि कुणाला माझ्या शब्दावर करू दिलेली नाही.

आणि तुमचं ते ‘ते म्हणजे कोण?’ कुणी म्हणालं, ‘त्या लोकांनी कूलंट भरलं नाही,’ की तुम्ही भाबडा चेहरा करून विचारायचात, ‘ते म्हणजे कोण?’ समोरच्याला नाव घ्यावं लागायचं. नाव घेतलं की राग निम्मा उतरतो, काय जादू आहे कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत हे शाळेत शिकलो होतो, पण लाइनवर सगळे ‘आम्ही’च बोलायचे.

१७ सप्टेंबरची आयडियाही तुमचीच. आपल्याकडं मुक्तिसंग्राम दिन, सकाळी झेंडावंदन. १९४८ साली निजामाच्या राज्यातून मराठवाडा सुटला तो दिवस. बिहार-यूपीच्या पोरांची त्याच तारखेला विश्वकर्मा पूजा. आपण मशीनची पूजा खंडेनवमीला करणार, त्यामुळं ती पोरं कोपऱ्यात एका ड्रिल मशीनला गुपचूप हार घालायची. तुम्ही झेंड्याजवळचा जिलबीचा डबा उचलून सरळ त्या ड्रिल मशीनपाशी नेऊन ठेवलात. पुढच्या वर्षी ती पोरं आधी झेंड्याला आली. खंडेनवमीला तर आता पूजेची सगळी तयारी तीच करतात, आणि आपल्यापेक्षा नीट करतात!

परवा कंपनीनं एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथं शेरीफ नावाच्या संशोधकाचा १९५४ सालचा प्रयोग सांगितला. अमेरिकेत शिबिराला आलेल्या मुलांचे दोन गट केले, भांडणं लागली. मग शिबिराचं पाणी बंद पाडलं, तेव्हा दोन्ही गट मिळून बिघाड शोधायला लागले. आम्ही मराठवाड्याचे, पाण्याचं नाव काढल्यावर सगळे हसले. टँकरपुढं आपल्याकडं काय होतं ते शेरीफसाहेबांनी बघायला पाहिजे होतं. संकट सगळ्यांचं आहे म्हणून माणसं एक होतात, हे काही मला पटलं नाही. त्या ३८० नगांचं संकट सगळ्यांचंच होतं, आणि आपण पहिल्या तासाभरात एका पोराला बाहेर काढलं होतं. प्रशिक्षकांनी पुढं सांगितलं की त्या मुलांचंही एका पाण्यानं जमलं नव्हतं, ती परत भांडायला लागली होती. अशी कामं पुन्हा पुन्हा करावी लागली. हे मात्र पटलं. तुमची तीनदा बस चुकली होती.

सगळं सुधारलं असं लिहिलं तर तुम्ही रागावाल. शर्टांचे रंग अजून दोनच आहेत. पगारातलं अंतर तेवढंच आहे, आणि ते गेज लावून किंवा जिलबी वाटून मिटणारं नाही, हे तुम्हीच म्हणायचात. कँटीनची टेबलं मिसळली, पण नवीन भरती आली की महिनाभर परत वेगळी होतात. तुमचा तो पोरगा आता चार नंबर सेट करतो. मागच्या महिन्यात त्यानं रात्री साडेनऊला मशीन थांबवून मला फोन केला. बोअर बरोबर होता, त्याचंच गेज झिजलेलं निघालं. पाऊण तास गेला. मी त्याला काही बोलले नाही. खरं सांगू, ओठावर आलं होतं.

आषाढीला छोट्या पंढरपुरात येणारच असाल. गेटवर निरोप ठेवा. माझी पहिली पाळी आहे, ३:३० ला सुटेल, पण दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागेल तुम्हाला. दुसऱ्या पाळीचा माणूस हल्ली लांबून येतो.

घरी मामींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची,
चार नंबर मशीनवाली